विमानाचा खांदा

"क्रेन चार वाजेपर्यंत आहे," प्राचार्यबाई म्हणाल्या. "तोवर नॉझल फिरले तर ठीक. नाही तर आहे तसंच बसवू."

मी विमानाच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर गंजाची भुकटी आत गेली. बाईंनी तोच होकार समजला.

विमान सी हॅरियर. नौदलात मी याच्याच इंजिनांवर उमेदीची वर्षं घातली. सेवेतून काढलेलं एक विमान पांढरकवड्याच्या एका कॉलेजनं चौथऱ्यावर बसवायला मागून आणलं. तालुक्यात त्याला ओळखणारा मी एकटाच, म्हणून मला बोलावणं आलं.

साध्या विमानाला उडायला लांब धावपट्टी लागते. याच्या दोन्ही कुशींना मात्र दोन-दोन नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर फेकणारी वाकडी धुराडी. त्यांची तोंडं मागे केली की विमान पुढे पळतं. खाली केली की जागच्या जागी वर उठतं, हवेत थांबतं. हो, थांबतं. जहाजाच्या डेकवरून मी कितीदा पाहिलं. समोर समुद्रावर विमान उभं, त्याच्याखाली पाण्याचं धुकं, आणि आवाज इतका की कान ऐकणंच सोडून देत. मग सगळं फार सावकाश घडल्यासारखं वाटायचं. आजही दुपारी डोळा लागला की तेच दिसतं, आणि उठावंसं वाटत नाही.

पण ही ऐट महाग होती. उभं राहताना इंधन भसाभस जायचं. पूर्ण वजन घेऊन सरळ वर उठणं जमायचं नाही, म्हणून जाताना डेकवर थोडं धावायचं, येताना उभ्यानं उतरायचं. पुढे सुटे भाग मिळेनात, जास्त वेगाची विमानं आली आणि याला निरोप दिला गेला. मीही घरी आलो.

नॉझलची तोंडं मागे राहिली असती, तर हे चारचौघांसारखं विमान दिसलं असतं. कॉलेजचं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं माझ्या बाचं.

आम्ही तांड्यावरचे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे. बा शेती करतो. पहिल्या रजेत मी सांगितलं, आमचं विमान हवेत उभं राहतं. बानं ते अख्ख्या तांड्याला सांगितलं. झालं! रूपला नावाचा त्याचा जोडीदार तेव्हापासून भेटेल तिथं विचारतो, "काय गा, तुह्या पोराचं विमान उतरलं का अजून?" लोक हसतात. बाही हसतो. पण त्याला ते लागतं, हे मला ठाऊक आहे. माझ्यामुळे माझा बाप थापाड्या ठरला, आणि आता त्याची नजर अधू होत चालली होती. त्याच्या डोळ्यांना दिसेल तोवर ती तोंडं खाली झालेली मला हवी होती.

इंजिनाचं पोट रिकामं केलेलं होतं, पण नॉझल जागेवर होते. चारही आतून साखळीनं जोडलेले. फिरले तर चारही फिरतात. आमच्याकडे मागचे नॉझल कायम त्रास द्यायचे, कारण तिथून तापलेला वायू जातो. म्हणून सकाळपासून मी मागच्या उजव्यालाच भिडलो होतो. तेल सोडलं, लाकडी ठोकळा ठेवून ठोकलं, पाइप लावून रेटलं. ढिम्म. वणीहून क्रेन घेऊन आलेला माणूस घड्याळाकडे बघत होता.

तीनच्या सुमाराला बा आला. दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलांचे खांदे शेकतो, तूप-हळद चोळतो. त्याचाच बाजार करून तो घरी निघाला होता. विमानाभोवती त्यानं हात फिरवत एक चक्कर मारली, प्रत्येक नॉझल धरून हलवून पाहिला. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, पण लोकांसमोर तो वऱ्हाडीत बोलला.

"गाडीले चार बैल हायेत आन् तू एकाच्याच मागं लागला. खांदा कोनाचा दुखून राह्यला, ते तरी पाह्यलं का?"

मी उठून एकेक तपासला. तीन नॉझल केसभर डुगडुगत होते. पुढचा डावा दगडासारखा. तिथून गार हवा जाते, म्हणून मी त्याला विचारलंच नव्हतं. टॉर्च मारला. फटीत कुंभारीण माशीनं मातीची घरं बांधलेली, आणि आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. इतक्या वर्षांचा अनुभव आणि हे! लाज वाटली.

माती खरवडून काढली. बा म्हणाला, आता शेक. कँटीनमधून उकळतं पाणी आलं. गरम फडकी गुंडाळायची, निवाली की बदलायची. बानं पुडी सोडली आणि कुणी काही म्हणायच्या आत तूप-हळद सांध्याला चोळली. बैलाच्या कानात म्हणतात तसं हळूच म्हणालासुद्धा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." प्राचार्यबाईंनी हसू दाबलं. मी नाही हसलो. मला रडू येत होतं.

चारला दहा कमी असताना आम्ही दोघांनी जोर लावला. आत कुठंतरी साखळी कुरकुरली आणि चारही तोंडं, अगदी सावकाश, एकदम खाली वळली. क्रेननं विमान चौथऱ्यावरच्या खांबावर चढवलं; खालून बघितलं तर हवेत उभं.

कॉलेजसाठी कामाचा रिपोर्ट मी लिहिला. काम चुकीच्या नॉझलपासून सुरू केलं, हे कबूल केलं. तुपाच्या जागी 'योग्य ते वंगण' असं लिहिलं.

पोळ्याच्या दिवशी बा पुरणपोळी घेऊन चौथऱ्यापाशी बसला होता. रूपलाही आला. मान वर करून बराच वेळ बघत राहिला. या खेपेला त्यानं काही विचारलं नाही. बानंच सांगितलं,

"नाही उतरलं अजून."