जागा धरणारे काकाजी

"बसा जी, थे जागा तुमचीच हाय!"

बस अजून थांबलेलीही नसायची. काकाजी तिच्या बाजूने धावत असायचे आणि त्यांचा खांद्यावरचा पांढरा दुपट्टा खिडकीतून आत गेलेला असायचा.

एसटीच्या सीटवर रुमाल पडला की सीट रुमालवाल्याची, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडायची हिंमत कंडक्टरही करत नाही. खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी पोरगंही तुम्ही आत सोडलं असेलच. फरक एवढाच की तुम्ही-आम्ही जागा आपल्यासाठी धरतो. काकाजी आधी जागा धरायचे आणि मग ती कुणाला द्यायची ते शोधायला निघायचे.

मी नेरहून रोज यवतमाळला एका शाळेच्या कार्यालयात जाते. काकाजी, लेकीकडे वर्ध्याला राहायला जाईपर्यंत, यवतमाळच्याच एका कापड दुकानात होते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्या बसमध्ये चढणं म्हणजे कुस्तीच. काकाजी बाजारात वांगी पारखावीत तशी गर्दी पारखायचे. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला म्हातारा, दोन पोरं सांभाळणारी बाई, नाहीतर नुसतीच रडवेली दिसणारी एखादी सून. स्वतः मात्र दांड्याला लटकून उभे.

"काकाजी, दुपट्टा तुमचा, धावपळ तुमची, मग सीट दुसऱ्याले काहून?"

"बसलो का मले झोप लागते, बाई. उभ्यानं सारी बस दिसते."

माझी मुलगी म्हणाली, अनोळखी माणसाचं असं उगाच भलं करण्याला इंग्रजीत 'रँडम अ‍ॅक्ट्स ऑफ काइंडनेस' म्हणतात. मी काकाजींना सांगितलं.

"विंग्रजीत नाव हाय? मंग लय मोठं काम हाय म्हना!"

मला त्यातलं 'उगाच' पटलं नाही. काकाजींचं काहीच उगाच नसायचं.

एका सकाळी आधीची बस रद्द झाली. स्टँडवर ही गर्दी! त्यात एक मुलगी प्रवेशपत्र छातीशी धरून उभी होती.

"काय झालं वो माय?" काकाजींनी विचारलं.

नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. गेट बंद झालं की संपलं. घरच्यांनी परीक्षेला एकदाच बसायची परवानगी दिली होती.

बस आली ती आधीच भरून. मी कशीबशी दारातून घुसले. थंडीमुळे काचा बंद. काकाजींनी दुपट्टा फेकला, तो काचेवर आपटून खाली. उचलून पुढच्या खिडकीवर फेकला, पुन्हा खाली. बस हलली. उघडी खिडकी एकच उरली होती. काकाजींनी नेम धरला आणि दुपट्टा थेट ड्रायव्हरच्या मांडीवर!

करकचून ब्रेक लागला.

"काकाजी, आता माही जागा घेता का?"

"नियम म्हंजे नियम! थ्या पोरीले बसवा, नाहीतर उठा, मी चालवतो!"

बस हसून हसून हलायला लागली. "चालवू द्या, चालवू द्या!" मागून आरोळ्या.

"घे बाप्पा तिले बोनेटवर," कंडक्टर म्हणाला, "नाहीतर हा बुढा खरंच स्टेअरिंग धरते!"

ड्रायव्हरने आपल्या बाजूचं दार उघडून मुलीला वर ओढलं आणि शेजारच्या इंजिनाच्या झाकणावर बसवलं. काकाजींना पाय ठेवायलाही जागा उरली नाही. ते खालूनच ओरडत होते, "पेपर शांत लिह्य वो!"

यवतमाळला ड्रायव्हरने स्टँडच्या आधीच, परीक्षा केंद्राच्या वळणावर आम्हाला उतरवलं. ती धावली, तिच्यामागे मीही धावले, या वयात! शिपाई गेट ओढत होता. "थांब रे!" मी अशी काही ओरडले की त्याचा हात थबकला. ती अंग चोरून फटीतून आत गेली. मी रस्त्यात एकटीच टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी स्टँडवर लवकरच पोहोचले.

"काकाजी, पोहोचली ती!"

"कोण?"

"अहो, कालची! परीक्षेची पोरगी!"

"हां हां. गेली ना आत? मंग झालं."

गेटचं, शिपायाचं, माझ्या धावण्याचं सगळं अजून सांगायचंच होतं. पण काकाजींची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, बाळंतिणीला आधार देऊन उभ्या असलेल्या एका बाईकडे लागली होती. वळणावर बस दिसली आणि माझं वाक्य अर्ध्यात टाकून ते पळाले.