सुरू होताच बंद पडणारा डबा

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. जळगावच्या उन्हाळ्यात टेबलावर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. सकाळी फडकं मारलं तरी दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. पुण्याची एक मैत्रीण मला म्हणाली, "तुमच्या जळगावात आयटीमध्ये घडतं तरी काय?" मी तिला सांगायला बसले आणि तिची कॉफी गार झाली.

तर ऑफिस जळगावातच, मेहरूण भागात. मालक पारस शेठ. घराणं मूळ राजस्थानचं, धंदा डाळीचा, मराठी मात्र माझ्यापेक्षा चोख. घरच्या गोदामातला अर्धा भाग मागून घेऊन त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या थोरल्या भावाची तूर. हे मोठे शेठ अधूनमधून हातात टेप घेऊन यायचे, आमच्या टेबलांमधून मापं घ्यायचे आणि इथे किती पोती बसतील ते आमच्यासमोरच मोठ्यानं सांगायचे.

धुळ्याकडच्या एका दूध संघाचं काम मिळालं होतं. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध आणतात, त्याचं वजन आणि फॅट नोंदवणारा प्रोग्राम. तो संघाच्या अध्यक्षांना, म्हणजे नानांना, पटला तर कंपनी राहणार. नाही पटला तर तूर आत, आम्ही बाहेर. बाबा इथे एकटे असतात म्हणून मी पुणं सोडून आले होते. हे ऑफिस गेलं तर मला परत पुण्याला जावं लागलं असतं. त्यामुळे खाली हसू येईल अशा बऱ्याच गोष्टी आहेत, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

*

प्रोग्राम कंटेनरमध्ये ठेवायचा ठरला. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र भरलेला डबा. कुठल्याही मशीनवर ठेवा, चालतो. निदान चालायला हवा. शेठजींना 'डबा' हा शब्द इतका आवडला की सगळं ऑफिस तोच वापरायला लागलं.

डबा पहिल्यांदा सुरू करायचा दिवस आला. शेठजींनी चौघडिया बघून वेळ काढली, नारळ फोडला, आमच्या सुनीलनं बटण दाबलं. सुनील यावलचा, घरी केळीची बाग, ऑफिसात सर्व्हरचं सगळं तोच बघतो. डबा सुरू झाला. टाळ्या वाजल्या. खोबरं माझ्या हातात येईपर्यंत डबा बंद पडलेला होता.

मी शेठजींना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सुरू झाला होता ना? मग मुहूर्त वाया नाही गेला."

*

दुसऱ्या दिवशीही तेच. सुरू केला की बंद. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसेना. शेठजींनी निदान केलं की उष्णतेनं होतंय, आणि संध्याकाळी ऑफिसात नवाकोरा कूलर आला. आमचं भाड्याचं मशीन मुंबईत कुठल्यातरी क्लाउडवर होतं, इथे फक्त स्क्रीन. हे मी समजावून सांगायला गेले तर शेठजी म्हणाले की स्क्रीनला तरी गार वाटेल.

शेवटी सापडलं ते असं: डब्याला डेटाबेसचा, म्हणजे माहिती साठवायच्या कोठाराचा, पासवर्डच दिलेला नव्हता. बिचारा दारापर्यंत जायचा, कुलूप बघायचा आणि मान टाकायचा. पासवर्ड दिला. कूलर मात्र शेठजींच्या खुर्चीकडे तोंड करून कायमचा राहिला.

*

पासवर्ड दिल्यावरही डबा पडला. आता का पडला हे बघायला लॉग उघडले. लॉग म्हणजे प्रोग्राम काम करताना जे जे पुटपुटतो त्याची नोंद. ते पूर्ण रिकामे.

मी सुनीलकडे बघितलं. तो खिडकीकडे बघायला लागला. झालं होतं असं की मागे एक व्यापारी ऑफिस बघायला आले असताना स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आली होती. पाहुणे गेल्यावर शेठजींनी सुनीलला बजावलं होतं की आपल्या स्क्रीनवर नकारात्मक बोलणं नको. सुनील आज्ञाधारक माणूस. त्यानं बोलणंच बंद करून टाकलं.

म्हणजे डबा रोज मरत होता आणि कशानं मेला हे विचारायची सोय नव्हती. मी चिडले, खूपच चिडले, आणि लॉग चालू करवून घेतले. शेठजींनी एकच अट घातली: लाल रंग नको. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्या एरर हिरव्या अक्षरांत येतात. नवीन माणसाला वाटतं, वा, किती छान चाललंय.

*

हिरव्या अक्षरांत कळलं की डब्याला डेटाबेस सापडत नाहीये. सापडणार कसा? डेटाबेस त्याच्यानंतर सुरू होत होता. आणि तो नंतर का, तर शेठजींची शिस्त! त्यांच्या दुकानात तीन पिढ्यांचा रिवाज आहे: सकाळी आधी शटर वर, दिवाबत्ती, गिऱ्हाइकाला रामराम. माल काढायचा तो नंतर. गिऱ्हाइकाला दिसतो तो प्रोग्राम म्हणजे शटर, डेटाबेस म्हणजे माल. सुनीलनं क्रम तसाच लावला होता. प्रोग्राम उठायचा, माल कुठाय म्हणून बघायचा, अंधार दिसला की परत झोपायचा.

क्रम उलटा करा म्हटल्यावर शेठजी नाराज झाले. आजोबांपासून चालत आलेलं एका डब्यासाठी मोडायचं का? इथे सुनीलनं डोकं चालवलं. प्रोग्रामला त्यानं डेटाबेस जागा होईपर्यंत थांबायला शिकवलं आणि शेठजींना सांगितलं, "शटर आधीच उघडेल. फक्त गिऱ्हाईक आत येऊन बसेल, पाणी पिईल, मग माल मागेल." शेठजी खूश. गिऱ्हाइकाला पाणी न विचारणं त्यांना तसंही पटत नव्हतंच.

*

तरी डबा पडायचाच. या खेपेला एररसुद्धा नाही. लॉगमध्ये नुसतं 'काम पूर्ण' असं यायचं आणि डबा बंद.

मोठे शेठ टेप घेऊन आले आणि या वेळी सोबत हमालालाही घेऊन आले. सुनील घाबरला. त्यानं डब्याला आज्ञा देऊन टाकली की पडलास की आपला आपण ऊठ. मग काय, दिवसभर डबा पडतोय, उठतोय, पडतोय, उठतोय. मोठे शेठ जेव्हा जेव्हा स्क्रीनकडे बघायचे तेव्हा तेव्हा तिथे 'आत्ताच सुरू झाला' असं दिसायचं.

संध्याकाळी ते पारस शेठना म्हणाले, "तुझा हा डबा चांगला दिसतोय. कधीही बघा, ताजा."

*

आणि मग धुळ्याची फेरी.

त्याच्या आदल्या आठवड्यात डब्यापुढे चालू असल्याची हिरवी खूण लागली आणि तो पडेचना. स्क्रीनवर सारखं 'चालू'. शेठजींनी पेढे वाटले. नानांना फोन करून दिवस ठरवला आणि शेठजी, सुनील, मी असे गाडीनं निघालो. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा मी सहज लॅपटॉप उघडला. संघाचा क्लार्क आठवडाभर रोज चाचणीच्या नोंदी पाठवत होता. आमच्याकडे त्यातली एकही पोचलेली नव्हती.

सुनीलला विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. कंटेनरचा नियम असा की त्यात पहिला नेमलेला कामगार कामावर असेपर्यंत तो चालू, तो गेला की बंद. आमचा पहिला कामगार म्हणजे एक छोटा प्रोग्राम होता, मुकादमासारखा. तो खऱ्या प्रोग्रामला मागे कामाला लावायचा आणि माझं झालं म्हणून घरी जायचा. मुकादम गेला की डब्याला वाटायचं सुटी झाली. म्हणून सुनीलनं मुकादमाला सांगून ठेवलं होतं की घरी जायचं नाही, एका रिकाम्या फाइलकडे बघत बसायचं, कायमचं. मुकादम बसून होता, म्हणून डबा हिरवा. आत खरा प्रोग्राम पहिल्याच दिवशी मरून पडला होता. त्याची चौकशी करणारं कोणी नव्हतं.

मी शेठजींना म्हटलं की परत फिरू. ते म्हणाले, नानांना शब्द दिलाय, आणि एवढं खोलात कोण विचारतंय.

संघाच्या ऑफिसात नाना समोर बसले होते. पंख्याखाली दोन संचालक होते, आम्ही गेल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. शेठजींनी हिरवी स्क्रीन दाखवली आणि आठवडाभरात एकदाही बंद पडला नाही असं अभिमानानं सांगितलं. नानांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि मग मला अहिराणीत विचारलं, "चालू शे, ते दिसस. पन बेटा, तो करस काय?"

शेठजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मेहरूणच्या घरात एकटे जेवायला बसलेले बाबा डोळ्यांसमोर आले. पण समोरचा माणूस रोज हजार घरांचं दूध मोजून घेणारा. त्या नोंदी हवेत गेल्या असत्या तर शिव्या त्यानं खाल्ल्या असत्या.

"काहीच करत नाही, नाना," मी म्हटलं. "फक्त बंद पडत नाही."

शेठजींनी डोळे मिटून घेतले. नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "संध्याकाळनं दूध येवाले आजून येळ शे. लागा कामले."

आम्ही तिथेच बसलो. नानांना मुकादमाचा सगळा प्रकार सांगितला, त्याला काढलं आणि खऱ्या प्रोग्रामलाच पहिला कामगार केलं. तो लगेच मेला, पण या वेळी मरताना बोलला. ज्या फोल्डरमध्ये दुधाच्या नोंदी लिहायच्या, तिथे लिहायची परवानगीच त्याला कोणी दिली नव्हती. ती दिली. डबा सुरू झाला. मी स्क्रीनकडे बघत राहिले, सुनील तर उठून बाहेर गेला. डबा चालूच राहिला.

पहिला शेतकरी कॅन घेऊन आला. दूध काट्यावर चढलं, फॅट निघाली आणि त्याचं नाव, वजन, फॅट सगळं स्क्रीनवर उमटलं. मग दुसऱ्याचं. मग रांगेतल्या सगळ्यांचं. नाना शेवटच्या कॅनपर्यंत खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसून होते. उठताना त्यांनी क्लार्कला सांगितलं की उद्यापासून याच्यावरच. शेठजींनी तिथूनच थोरल्या भावाला फोन लावला की तुरीला दुसरी जागा बघा. मी अंगणात जाऊन बाबांना फोन केला की मी पुण्याला जात नाहीये.

निघताना नाना गाडीपर्यंत सोडायला आले. खिडकीशी वाकून मला म्हणाले, "तो पहिला व्हता ना, नुसता बशी ऱ्हानारा. तेनं काय करं?"

"काढून टाकला, नाना."

नानांनी मागे वळून ऑफिसकडे बघितलं. पंख्याखाली ते दोघं अजून तसेच होते.

"काढाले नको व्हता," नाना म्हणाले. "संचालक मंडळमा एक जागा खाली शे."