उतारावरची पूजा

आज खंडेनवमी. शेजारच्या नव्या ट्रॅक्टरला माळ घातली गेली, आणि झेंडूत मिसळलेला डिझेलचा वास येताच मन पेठ गावच्या एका जुन्या उतारावर जाऊन पोहोचले.

तिथल्या महादू शेतकऱ्याचा म्हातारा ट्रॅक्टर चावीने सुरू होत नसे. म्हणून तो सदैव उतारावर, चाकांना दगड लावून उभा असे. एका खंडेनवमीला मी त्याच्याकडे पूजा सांगायला गेलो, तेव्हा पूजेपुरता तरी सपाटीवर आण, असे सुचवले होते.

"गुरुजी, ह्यो उतारावरच उठतो. सपाटीवर न्हेला, तर तुमालाच ढकलावं लागंल," महादू हसून म्हणाला.

ताटात घसरणारे निरांजन सावरीत मी आरतीला आरंभ केला, तोच शेजारच्या भामाबाई धावत आल्या. "महादूभाऊ, गाभण गाय शेततळ्यात पडलीया. प्लास्टिकवरनं वर येता येईना तिला, लई दमलीय."

पूजलेले यंत्र त्या दिवशी हलवू नये, अशी रीत. महादू माझ्याकडे पाहत राहिला. मी ताट घेऊन बाजूला झालो आणि म्हणालो, "दगड काढ."

माळेसह ट्रॅक्टर घरंगळला, खोकला, आणि जागा झाला. मी ताट हाती धरूनच मागोमाग गेलो. निरांजन वाऱ्याने केव्हा विझले, ते कळले नाही. गायीला बांधून ट्रॅक्टरला अडकवलेला दोर ताणला गेला, आणि निथळती गाय हळूहळू काठावर आली.

आरती अर्धी राहिल्याची हुरहुर पुढे कितीतरी दिवस मनात होती. आज मात्र या वासात डोळे मिटले की काठावर धापा टाकणारी ती गाय दिसते, आणि हात आपोआप जोडले जातात.