आज कोण मेलं?

टॉकीजमध्ये सगळी माणसं नाकं ओढत असताना आमच्या आक्का खारे शेंगदाणे खायच्या. तेही कुडूमकुडूम आवाज करत. पडद्यावर नायक बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतोय, मागे सनई लागलीय, आणि आक्का अख्ख्या बाल्कनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, "मरतोय का भाषण करतोय ह्यो? मरणाऱ्याला एवढा दम असतोय व्हय?" पुढच्या रांगेतल्या बायका ओल्या डोळ्यांनी मागे वळून बघायच्या. आक्का त्यांच्यापुढे पुडी धरायच्या. "घ्या. रडून भूक लागली असंल."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. कसबा बावड्यात आमचं एकत्र घर, नदीकाठाला थोडा ऊस, दारात चार म्हशी. इकडच्या बायका बोलतात तसं आक्काही स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. मी साताऱ्याची, कॉलेज शिकलेली, रुखवतासोबत कादंबऱ्यांची पेटी घेऊन आलेली. दुपारी भांडी आवरली की मी वाचत बसायची आणि हमखास रडायची. आक्का वैरण टाकून आत आल्या की आज भाजी काय केलीस, अशा सुरात विचारायच्या, "आज कोण मेलं?"

मी डोळे पुसत सांगायची. नायिकेचा नवरा गेला, पदरात दोन लेकरं आहेत वगैरे. आक्का नीट ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "मग मागनं त्या पोरांचं कुणी बघितलं? शेत कुणी केलं?" पुस्तकात ते नसायचंच. शेवटच्या पानावर नायिका खिडकीत उभी असायची आणि सूर्य मावळत असायचा. "म्हंजे अर्धंच हाय की पुस्तक," आक्का म्हणायच्या. "ह्यांचं संपतंय तितनं फुडं आमचं सुरू होतंय."

ते त्यांनी बोलावं असंच होतं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी थोरले दीर गेले. सगळे त्यांना दादा म्हणत. नदीवरची मोटर सुरू करायला गेले आणि उघड्या वायरचा शॉक बसला. त्यांचा सागर तेव्हा चार-पाच वर्षांचा. संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना आक्का उठल्या आणि म्हशी पिळायला गेल्या. "दगड हाय बाई," बायका कुजबुजल्या. सड तटतटून म्हशी हंबरत होत्या, ते त्या बायकांना ऐकू येत नव्हतं. पुढे आक्कांनी शेती ओढली, डेअरीला दूध घातलं, सागरला आयटीआय करायला लावून एमआयडीसीत चिकटवलं. दादांविषयी मात्र एक शब्द काढला नाही. माझ्याशी नाही, सागरशीही नाही.

मग दोन वर्षांमागे आमच्या गल्लीतला प्रथमेश पुण्याहून सिनेमाचं शिक्षण घेऊन आला आणि त्याने पहिलाच सिनेमा काढला तो दादांच्या मरणावर. माणसांची नावं बदलली, नदी तीच ठेवली. आम्हाला कुणाला विचारायचं त्याला सुचलं नाही. सिनेमात एक देखणा नट नदीकडे निघण्याआधी छोट्या पोराला छातीशी धरतो आणि म्हणतो, "बाळा, मी नसलो तर आईला सांभाळ." त्याला कसं कळलं आपण नसणार, हे प्रथमेशलाच ठाऊक. पुढे त्याची बायको मोकळ्या केसांनी चितेकडे धावत सुटते. अख्खा बावडा जाऊन रडून आला. किती रुमाल भिजले हे माणसं अभिमानाने सांगत होती.

आणि मग ती माणसं आमच्या घरी यायला लागली. वीस वर्षांनी! सुजलेले डोळे, हातात डझनभर केळी. शेजारच्या नलूवहिनींनी तर उंबऱ्यातच आक्कांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "काय सोसलंसा ओ आक्का! आज कळलं मला."

आक्कांनी त्यांचे हात सोडवले. "तवा शेजारीच हुतीस की. तवा न्हाय कळलं? ह्ये गेल्यावर म्हैन्यात तुझ्या मालकानं आमची पाण्याची पाळी तोडली. उभा ऊस वाळला. त्ये हाय का पिक्चरमधी?"

"ते जाऊ द्या ओ. पण तो पोराचा सीन बघून तर..."

"चा घेऊन जा," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी प्रथमेश आला. त्याला आक्कांचा स्टेजवर सत्कार करायचा होता, शाल-श्रीफळ देऊन. "काकू, तुमचं दुःख मी जगापुढं आणलं."

"कुणाला इचारून?"

"काकू, लोक रडायला लागल्यात."

"कांदा चिरला तरी रडत्यात," आक्का म्हणाल्या. सत्काराला त्या गेल्या नाहीत. प्रथमेशने स्टेजवर त्यांची रिकामी खुर्ची ठेवली. त्यावरही लोक रडले.

इथवर आक्का नुसत्या चेष्टा करत होत्या. सागर सिनेमा बघून आला तेव्हा मात्र चेष्टा थांबली. त्याने सिनेमा तीनदा बघितला. परड्यात त्या कडबा तोडत होत्या, मी शेजारी लसूण सोलत होते, आणि तो मोबाईल घेऊन आला. मोबाईलवर त्याने त्या नटाचा फोटो लावला होता, पोराला छातीशी धरलेला.

"ह्यो कोण?" आक्कांनी विचारलं.

"बाबा," सागर म्हणाला, आणि ओशाळला. "म्हंजे, सिनेमातले. आई, बाबा मला खरंच तसं म्हणाले हुते? मला आठवायला लागलंय. तू कधी सांगितलं न्हाईस."

आक्कांनी विळा खाली ठेवला. "तसलं काय म्हणाला न्हाय तुझा बा. 'चा पाणचट झालाय, म्हशीला वत,' म्हणाला. मी म्हणलो, मग हाटेलात जा. त्यात तू त्याची एक चप्पल मोरीत टाकलीवतीस. ती भिजली म्हणून तुला एक रट्टा घातला आणि माझी स्लिपर घालून गेला. लांडी व्हत हुती. टाच भाईर."

सागरने मोबाईल खाली घेतला.

"कळल्यावर मी अनवाणीच पळालो. मोटरंजवळ माझी स्लिपर काढून ठिवल्याली दिसली. येताना वाटंवर काटं, मग तीच घालून आलो."

त्या दिवशी नदीवरून परतणाऱ्या आक्कांना मी बघितलं होतं. नवरा मेला तरी हिला पायात घालायचं सुचलं, म्हणून बायका कितीतरी दिवस बोलत होत्या. आक्कांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"मला का न्हाय सांगितलंस?" सागरने विचारलं.

"तुला वाटलं असतं, मी चप्पल टाकली म्हणून बा अनवाणी राहिला आणि झालं. वायर उघडी हुती, सागर. चपलंचा काय संबंध न्हाय. लहान हुतास, तुला पटलं नसतं. आता मोठा झालास." मग त्यांनी विळा उचलला. "आणि तुझा बा एवढा देखणा न्हवता. दात फुडं हुतं."

सागर हसला. मग तिथेच कडब्यावर बसून एकेक विचारत राहिला. दादा जेवायचे कसे, चिडायचे कशावर, झोपेत घोरायचे का. आक्का कडबा तोडता तोडता उत्तरं देत होत्या. त्या माणसाविषयी इतकं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. मोबाईलवरचा फोटो त्याने कधी बदलला ते मी बघितलं नाही, पण नंतर तिथे म्हशीचा फोटो होता.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि सलाईन लावणाऱ्या नर्सला हळू टोच म्हणून दम देत देत गेल्या. रक्षाविसर्जनाला घाटावर गर्दी झाली. प्रथमेश काळा चष्मा लावून आला होता, त्याने माऊली, सोशीक, मूक ज्वालामुखी असं बरंच म्हटलं, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी लोकांनी सागरला बोलायला उभं केलं.

तो नदीकडे वळला. मग म्हणाला, "आई सोशीक न्हवती. रोज भांडायची. मला लई मारलंय तिनं, कामाला लागल्यावर सुदीक मारलंय. अजून धा वर्षं मारलं असतं तरी चाललं असतं."

आणि खाली बसला.