दारात मागं वळलेली बाई

सांगलीला कॉलेजात होते तेव्हा तीन वर्षं मी पलूसला आत्याकडं राहत होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा लवकर गेले, मूलबाळ झालं नाही, आणि घराला लागून असलेली थोडीशी द्राक्षबाग ती एकटी बघायची. बाबा आणि आई साताऱ्याला. बाबा तिथं एका गॅरेजात मेकॅनिक होते. आत्या बोलायची कमी, पण मी रोज सकाळी गाडीला निघाले की डबा हातात देऊन कोपऱ्यापर्यंत येत असे.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला सांगलीच्या एका टॉकीजला ज्वालामुखीचा सिनेमा लागला. मूळ इंग्रजी, बोलणं हिंदीत केलेलं. पोस्टरवर आग ओकणारा डोंगर आणि त्याच्याखाली सात चेहरे. सातही मोठे नट आहेत, असले सातजण एका सिनेमात कधी मिळत नाहीत, असं आमच्या वर्गातल्या मुली आठवडाभर सांगत होत्या. मला त्यातले दोन माहीत होते, तरी मीही मान डोलवत होते.

त्याच आठवड्यात आत्याला चष्मा लागला. ती पंचेचाळिशीची होती, सुईत दोरा जाईना म्हणून मी तिला सांगलीला डॉक्टरकडं नेलं. दुकानदारानं चष्मा चार वाजता तयार होईल म्हणून सांगितलं. एप्रिलचं ऊन, हातात अख्खी दुपार. मी सिनेमाचं काढलं. आत्या म्हणाली, तिला त्यातलं काय कळणार. मी म्हटलं, डोंगर फुटताना बघायला भाषा कशाला लागते. तशी ती तयार झाली. तिला हवी होती ती फक्त गार जागा.

थिएटर निम्मं भरलं होतं. बाजाराला आलेली माणसं, कॉलेजची पोरं, मागच्या रांगेत धोतर नेसलेले चार-पाच म्हातारे. पडद्यावर एक बेट, बेटावर एक आलिशान हॉटेल, हॉटेलात ते सातजण. एकाचं लग्न ठरलेलं, एकाचं मोडत आलेलं, एक शास्त्रज्ञ डोंगराकडं बोट दाखवून सगळ्यांना निघा म्हणणारा आणि हॉटेलचा मालक त्याला हसणारा. हे सगळं तास-सव्वा तास चाललं. डोंगर मागं नुसता धुमसत बसलेला. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आरं, पेटव की आता." सगळे हसले. मध्यंतरात एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणत होता, एवढी नामांकित माणसं गोळा केली आणि सगळ्यांना नुसतं जेवायला बसवलंय.

मध्यंतरानंतर डोंगर एकदाचा फुटला. पण तो असा फुटला, की लोकांना जास्तच हसू यायला लागलं. घरं मातीच्या खेळण्यातली वाटत होती. लाव्हा दाट, तांबूस, सावकाश उतरणारा. मागून आवाज आला, "काकवी उतू गेली रं." सगळं थिएटर खदखदून हसलं. आमच्या भागात गुऱ्हाळं बघितलेल्या माणसाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतका मोठा भूकंप होऊनही नायिकेच्या केसाची एक बट हलत नव्हती, त्यावर पोरं शिट्ट्या मारत होती.

आत्या हसत नव्हती. तिला कळत नसेल असं मला वाटलं. हॉटेलचं छत हलायला लागलं, झुंबर पडलं, लोक दाराकडं पळाले. त्या गर्दीत हॉटेलातली एक मोलकरीण एका पोराला धरून बाहेर आली, दारात थांबली, मागं वळली. एवढंच. कॅमेरा लगेच नायकाकडं गेला.

आत्यानं माझं मनगट धरलं. "ती मागं का वळली? आत कोन हुतं तिचं?"

मी म्हटलं, "आत्या, ती कुणी महत्त्वाची नाही गं."

हे वाक्य मी सहज बोलले. इतक्या वर्षांत ते मला विसरता आलेलं नाही.

शेवटी सातांतले सहा जहाजात चढले, सातवा हॉटेलमालक आगीत गेला. जहाज निघायच्या आधीच निम्मे लोक उठले होते. बाहेर पडता पडता शिव्या, थट्टा, दुपार वाया गेल्याची कुरकुर. दिवे लागले तरी आत्या बसूनच राहिली. झाडूवाला आला तेव्हा तिनं विचारलं, "संपला? त्या बाईचं काय झालं ते दावलंच न्हाई."

आम्ही समोरच्या रसवंतीत बसलो. रसाचा पेला तिनं तसाच पुढं ठेवला होता. मी तिला बरं वाटतंय का विचारलं. ती म्हणाली, धूळ दाखवायला हवी होती. भिंत पडली की आधी धूळ येते, नाकातोंडात जाते, शेजारचं माणूस दिसत नाही. मग मला आठवलं, की आत्या आणि बाबा कोयनेकाठचे. सदुसष्टच्या भूकंपात त्यांचं घर पडलेलं. त्यात त्यांची धाकटी बहीण गेली एवढं मला ठाऊक होतं. ती चुलीजवळ उबेला निजली होती आणि आढं नेमकं तिच्यावर पडलं, असं घरात सांगितलं जायचं. त्यापुढं कुणी बोलायचं नाही.

आत्यानं त्या दिवशी पुढचं सांगितलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची. आई बाळंतपणाला माहेरी, वडील धरणावर कामाला. घरात ही तीन भावंडं. पोरं तिच्या भरवशावर. पहाटेच्या आधी जमीन गुरगुरली आणि भिंत आत यायला लागली. धाकटी चुलीजवळ नव्हती. आत्याच्याच कुशीत होती, एका वाकळेखाली. बाबा पलीकडं.

"मला दोन हात हुते," आत्या म्हणाली. "दोनी हातांनी मी तुझ्या बापालाच धरला."

का, ते तिला सांगता येत नव्हतं. तो मुलगा म्हणून, की तो दाराच्या बाजूला होता म्हणून, की अंधारात जे हाताला लागलं ते, हे तिनं स्वतःला तीस वर्षं विचारलं होतं. त्याला अंगणात सोडून ती मागं वळली तेव्हा घर उरलं नव्हतं. चुलीजवळची गोष्ट तिनंच आईला सांगितली, आणि तीच पुढं खरी ठरली.

"आतनं हाक आली हुती," ती म्हणाली. "तुझ्या बापाला ठावं न्हाई. त्यो आठ वर्साचा, झोपंत हुता. त्याला सांगू नगंस. आपल्यापायी झालं म्हनंल."

तिनं रस प्यायला, तोंड पुसलं, आणि आम्ही चष्मा आणायला गेलो. दुकानदारानं आरशात बघायला सांगितलं. तिनं चष्मा लावला आणि आरसा न बघताच पिशवी उचलली.

सांगू नकोस म्हणाली होती, तरी मी सांगितलं. सुट्टीत साताऱ्याला गेले होते, बाबा दुपारी अंगणात कसलातरी पाना पुसत बसले होते. मला ते ओझं एकटीनं वागवता येईना. सिनेमा, लोकांचं हसणं, ती मोलकरीण, सगळं सांगितलं आणि मग ते दोन हातांचं. बाबांनी पाना खाली ठेवला.

मग म्हणाले, "मी जागा हुतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिनं दोनदा हाक मारली. येकदा आक्काला मारली, येकदा मला. मी आक्काला काय बोललो न्हाई. मी ऐकलंय हे आक्काला कळलं असतं तर ती जगली नसती."

म्हणजे तीस वर्षं दोघं एकमेकांपासून तीच हाक लपवत होते. मी बाबांना म्हटलं, आता तरी तिला सांगा. ते हो म्हणाले. सुट्टी संपवून मी पलूसला परतले, आणि पुढच्या रविवारी ते पहिल्या गाडीनं आले. मी मुद्दाम मैत्रिणीकडं गेले. संध्याकाळी परतले तर दोघं बागेतून येत होते, बाबांच्या डोक्यावर गवताचा भारा होता. जाताना गाडीत बसवायला मी गेले आणि बोललात का विचारलं. बाबा म्हणाले, "गवत कापलं. जेवलो." गाडी सुटली.

त्यानंतर ते बहुतेक रविवारी येत राहिले. आधी दिवाळीला आणि भाऊबीजेला तेवढे यायचे. कधी मोटर दुरुस्त करून द्यायचे, कधी छाटणीला लागायचे. आत्या त्यांच्यासाठी उडदाचं घुटं करायची, ते जास्तीची भाकरी मागून घ्यायचे. मी कितीतरी वेळा दोघांना बांधावर शेजारी शेजारी बसलेलं बघितलं. लांबून वाटायचं, आता बोलतायत. जवळ गेलं की औषधाच्या फवारणीचं चाललेलं असायचं.

दोन वर्षांनी आत्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. बाबा शेवटचे चार दिवस दवाखान्यात तिच्या पायाशी बसून होते. ती शुद्धीवर होती, बोलत होती, बागेला पाणी दिलं का विचारत होती. त्यांनी पाणी दिलं म्हणून सांगितलं.

अस्थी कृष्णेत सोडून आम्ही परत निघालो तेव्हा साताऱ्यातल्या त्या दुपारनंतर बाबा माझ्याशी पहिल्यांदाच त्याविषयी बोलले. वाटेत एका झाडाखाली थांबले, पायातला काटा काढायला वाकले, आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "सांगायला पायजे हुतं. दर रविवारी तेच ठरवून जात हुतो."

मला त्यांना म्हणता आलं असतं, की तुम्ही येत होतात ते तिला पुरलं असेल. पण ते खरं आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.