कमरेइतकी भोकं

कोलमन हेरटीचा शेजारच्या फेस्टीवर काडीचाही विश्वास नव्हता. माणूस इतका हसून बोलतो म्हणजे मनात काहीतरी असणारच! म्हणून ओलं गवत गोल गुंडाळून, काळ्या प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून गाईंचा हिवाळ्याचा मुरघास रचला, तसा कोलमन रोज संध्याकाळी पहाऱ्याला जाऊ लागला. आयर्लंडमधल्या मेयोच्या चिखलात घसरू नये म्हणून काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला. जाता जाता काठीने एकेक गठ्ठा ढोसून, घट्ट आहे ना, बघायचा.

तरी भोकं पडतच होती. भोकातून हवा शिरली की आतल्या गवताला बुरशी धरते.

"कावळे असतील," बहीण डेलिया चिकटपट्टीने एक भोक बुजवत म्हणाली. कावळे भ्यावेत म्हणून तिने गठ्ठ्यांवर पांढरे डोळेसुद्धा रंगवले होते.

"कावळा वरून टोचतो, उंदीर खालून कुरतडतो. ही सगळी कमरेइतक्या उंचीवर आहेत. माणसाचंच काम! त्या फेस्टीला माझ्या गाई खुपतात."

"अरे, परवाच त्याने तुझं वासरू खड्ड्यातून काढलं ना?"

"तेच तर! उगाच कोण कुणासाठी चिखलात उतरतं? बघ तू, उद्या तो या गठ्ठ्यालाही..." म्हणत त्याने रागाने काठी समोर खुपसली. फस्सकन खिळा आत गेला.

डेलियाने एक पट्टी फाडून भोकावर लावली आणि दुसरी काठीच्या टोकाला गच्च गुंडाळली.

"चल घरी," ती म्हणाली. "आता फेस्टी यायचा नाही."