बाबांच्या फोनला शिक्का वाचता येत नाही

मंडळी, आजची सकाळ एका शिक्क्यापायी गेली.

बाबांना दिसत नाही. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. आज सरकारी वेबसाइटवर पाणी बंद राहण्याची सूचना आली. बाबांनी ती उघडली. फोन म्हणाला, "चित्र." आणि गप्प बसला.

मी वाचून दाखवली असती, पण मी रोज घरी नसते. म्हणून स्वारगेटला बस बदलून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर छान एक्सेल दाखवलं. भाग, वार, वेळ, सगळं होतं. त्याची ते प्रिंट काढतात, सही-शिक्का करतात, मग स्कॅन करून तो तिरका फोटो वेबसाइटवर टाकतात.

"अहो, मग हीच फाइल टाका ना. फोन वाचेल तरी."

"मॅडम, हिच्यावर शिक्का कुठंय? उद्या कुणी वेळ बदलली म्हणजे?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस! म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. शिक्क्याशिवाय कागद बाहेर जाताच कामा नये."

मग म्हणाले, "बरं, पाणी कधी बंद आहे?"

तुमच्या घरी सरकारी सूचना कोण वाचतं, फोन की मुलगी?